बेरिया कॉलेज : सद्भावना पुरेशी का नाही?

मिशनऱ्यांनी कृष्णवर्णीयांना शिकवले, हे आपण ऐकतो. पण गोऱ्यांच्या शेजारी बसवून किती जणांनी शिकवले? अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या बेरियाने ते केले.

गुलामगिरीविरोधी धर्मोपदेशक जॉन फी यांनी अमेरिकन मिशनरी असोसिएशनच्या पाठबळावर १८५५ मध्ये इथे शाळा काढली. १८५९ मध्ये गुलामगिरीच्या सशस्त्र समर्थकांनी त्यांना राज्याबाहेर हाकलले. यादवी युद्धानंतर ते परतले आणि १८६६ पासून दोन्ही वर्णांची मुले एका वर्गात शिकू लागली.

पुढे काय झाले? १८९२ नंतरच्या अध्यक्षांनी डोंगराळ भागातील गोऱ्या मुलांवर भर दिला. कृष्णवर्णीयांचा वाटा घटला. १९०४ मध्ये केंटकीच्या विधिमंडळाने एकत्र शिक्षणच गुन्हा ठरवले. कॉलेज न्यायालयात गेले, पण १९०८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याची बाजू घेतली. न्यायमूर्ती हार्लन यांनी विरोधी मत नोंदवले. कृष्णवर्णीयांसाठी वेगळी शाळा निघाली. १९५० मध्ये कायदा बदलला, तेव्हाच बेरियाचे दार त्यांना पुन्हा उघडले.

बाबासाहेब १९१३ मध्ये न्यूयॉर्कला शिकायला गेले, तेव्हा केंटकीत हाच कायदा लागू होता.

सद्भावनेने दार उघडते. ते उघडे ठेवायला हक्क लागतो. आपल्या संविधानाचे कलम २९(२) सांगते, की सरकारी किंवा सरकारी मदतीवरच्या शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणावरून प्रवेश नाकारता येणार नाही. ही कुणाची दया नाही!

जय भीम!