छोट्या गावातील सैनिकस्मृती : माणगाव आणि नाईक यशवंत घाडगे

मुंबई-गोवा महामार्गावरील माणगाव हे रायगड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव होय. तेथील तहसील कार्यालयासमोर उभारलेला पुतळा राजाचा नाही आणि लोकनेत्याचाही नाही. तो पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीतील एका नाईकाचा आहे. व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी यशवंत घाडगे यांचे स्मरण येथे दरवर्षी जानेवारी महिन्यात समारंभपूर्वक केले जाते. वास्तविक त्यांच्या मृत्यूचा दिवस १० जुलै. कोकणात ते भातलावणीचे दिवस असतात आणि त्या पावसात माणसे जमणे कठीण, हेही खरे.

घाडगे यांचा जन्म १९२१ मध्ये माणगाव तालुक्यातील पळसगाव येथे झाला. तुटपुंजी शेती असलेल्या कोकणी कुटुंबांतील तरुणांसमोर त्या काळी मुंबईची गिरणी आणि पलटण हे दोन मार्ग प्रामुख्याने असत. १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सर्व जवान ठार वा जखमी झाले. घाडगे एकटेच पुढे धावले. हातबॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन व ती चालविणारा यांना निकामी केले, दुसऱ्या एका सैनिकास टॉमीगनने टिपले. नवी मॅगझिन भरण्यास अवधी नव्हता. तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना त्यांनी दस्त्याच्या घावांनी ठार केले. लागलीच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत व पाठीत लागून ते कोसळले. वय अवघे बावीस. व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांनी हे पदक त्यांच्या पत्नीच्या हाती दिले. घाडगे यांचे नाव इटलीतील कसिनो स्मारकावर कोरलेले आहे. गावाजवळ समाधी नाही. त्यामुळे माणगावचा पुतळा हाच गावकऱ्यांसाठी समाधीच्या जागी आहे, असे म्हणता येईल.

येथे एक अवघड प्रश्न उपस्थित होतो. व्हिक्टोरिया क्रॉस हा साम्राज्याचा सन्मान. घाडगे यांच्या मृत्यूपूर्वी दीड वर्ष, २ जानेवारी १९४३ रोजी, त्याच कुलाबा जिल्ह्यातील माथेरानचे भाई कोतवाल सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. एकाने सरकारविरुद्ध प्राण वेचले, दुसऱ्याने त्याच सरकारच्या सैन्यात. स्वातंत्र्योत्तर काळात जिल्ह्याने दोघांनाही आपले मानले. काही अभ्यासकांना ही विसंगती वाटेल. परंतु गावाच्या दृष्टीने पदक कोणी दिले यापेक्षा पदक मिळविणारा कोणाच्या घरचा, हे अधिक महत्त्वाचे ठरते. साम्राज्य गेले, पळसगाव राहिले.

मात्र ही आपुलकी सर्वांच्या वाट्यास सारखी आली नाही. याच दक्षिण कोकणात महार समाजातील सैनिकी निवृत्तिवेतनधारकांची वस्ती मोठी होती. महाडजवळील रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः निवृत्त सैनिक. महारांची सैन्यभरती बंद झाल्यावर १८९४ मध्ये त्यांनी सरकारकडे अर्ज तयार केला. पहिल्या महायुद्धात १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. युद्धात प्राण पणाला लावण्यास पात्र ठरलेल्या या समाजाला महाडच्या चवदार तळ्यावरील पाण्यासाठी १९२७ मध्ये सत्याग्रह करावा लागला. सैनिकाचा गौरव गाव करते असे विधान करताना कोणते गाव, कोणता सैनिक, हे विचारणे म्हणूनच अगत्याचे आहे.

इटलीतील मोहिमेत पन्नास हजारांहून अधिक भारतीय सैनिक लढले व ५,७८२ मृत्युमुखी पडले. तेथे देण्यात आलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीयांना मिळाले. त्यांतील नामदेव जाधव हेही मराठा पलटणीचेच; ते युद्धातून परतले आणि १९८४ पर्यंत हयात होते.

जुलै २०२३ मध्ये टायबर खोऱ्यातील मोन्तोने या डोंगरमाथ्यावरील छोट्याशा गावाने घाडगे यांच्या नावे स्मारक उभारले. तेथे पुतळा नाही, सूर्यघड्याळ आहे. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा आशयाचे लॅटिन वचन त्यासाठी निवडण्यात आले. अनावरणास इटलीतील भारताच्या राजदूत उपस्थित होत्या.