इ.स. १९६३ मधील बर्मिंगहॅम (अलाबामा)

हा लेख अमेरिकेतील बर्मिंगहॅम शहराविषयी आहे. इंग्लंडमधील शहरासाठी पाहा: बर्मिंगहॅम.

इ.स. १९६३ हे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अलाबामा राज्याच्या बर्मिंगहॅम या त्या काळच्या सर्वांत मोठ्या शहराच्या इतिहासातील निर्णायक वर्ष मानले जाते. या एका वर्षात शहराची शासनपद्धती बदलली, वंशविभेदाविरुद्धचे अहिंसक आंदोलन झाले, शाळकरी मुलांनी हजारोंच्या संख्येने त्यात भाग घेतला, विभक्त ठेवणारे नगरकायदे रद्द झाले आणि शाळांमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रथमच गौरवर्णीयांच्या बरोबरीने प्रवेश मिळाला. याच वर्षी सप्टेंबरमध्ये एका चर्चमध्ये झालेल्या बॉम्बस्फोटात चार मुली मृत्युमुखी पडल्या. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याची वाट मोकळी होण्यामागे या घटनांचा मोठा वाटा होता.

पार्श्वभूमी

बर्मिंगहॅमची स्थापना १८७१ मध्ये झाली. लोहखनिज, दगडी कोळसा व चुनखडक हे तिन्ही जवळपास सापडत असल्यामुळे येथे लोखंड व पोलाद उद्योग झपाट्याने वाढला. १९६० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ४० हजार होती व तीत कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे ४० टक्के होते. उपाहारगृहे, पिण्याच्या पाण्याचे नळ, स्वच्छतागृहे, शाळा या सर्व ठिकाणी कायद्याने वंशविभेद पाळला जाई. उद्याने व जलतरण तलाव सर्वांना खुले करण्याचा आदेश न्यायालयाने दिला, तेव्हा नगरशासनाने तो पाळण्याऐवजी १९६२ मध्ये ती सर्व स्थळेच बंद करून टाकली. कृष्णवर्णीयांच्या घरांवर व चर्चवर वारंवार बॉम्ब टाकले जात. त्यामुळे शहराला ‘बॉम्बिंगहॅम’ असे उपहासाने म्हटले जाऊ लागले.

धर्मोपदेशक फ्रेड शटल्सवर्थ यांनी १९५६ मध्ये ‘अलाबामा ख्रिश्चन मूव्हमेंट फॉर ह्यूमन राइट्स’ ही संघटना स्थापन करून या व्यवस्थेविरुद्ध लढा सुरू केला होता. १९६१ च्या मे महिन्यात आंतरराज्य बसप्रवासातील विभेदाला आव्हान देणाऱ्या ‘फ्रीडम रायडर्स’ना शहरातील बसस्थानकावर जमावाने मारहाण केली आणि पोलीस वेळेवर आले नाहीत. या घटनेची छायाचित्रे जगभर प्रसिद्ध झाली. शहराच्या नावाला लागलेल्या बट्ट्यामुळे काही गौरवर्णीय व्यापारीही अस्वस्थ झाले. पोलीस व अग्निशामक दलावर अधिकार असलेले सार्वजनिक सुरक्षा आयुक्त युजीन ‘बुल’ कॉनर यांची सत्ता संपावी, या हेतूने शासनपद्धती बदलण्याचा प्रस्ताव पुढे आला. नोव्हेंबर १९६२ मध्ये मतदारांनी तीन आयुक्तांच्या मंडळाऐवजी महापौर व नगरपरिषद ही पद्धत स्वीकारली.

घटनाक्रम

जानेवारी १४ – जॉर्ज वॉलेस यांचा अलाबामाचे राज्यपाल म्हणून राजधानी माँटगोमेरी येथे शपथविधी. वंशविभेद कायम राखण्याचा निर्धार त्यांनी भाषणात व्यक्त केला.

मार्च ५ – महापौरपदाची निवडणूक. कोणालाही बहुमत न मिळाल्याने फेरमतदान ठरले. निवडणुकीत कॉनर यांना लाभ होऊ नये म्हणून नियोजित आंदोलन पुढे ढकलण्यात आले.

एप्रिल २ – फेरमतदानात आल्बर्ट बाऊटवेल यांनी कॉनर यांचा सुमारे आठ हजार मतांनी पराभव केला. मात्र आपली मुदत १९६५ पर्यंत असल्याचे सांगून जुन्या आयुक्तांनी पद सोडण्यास नकार दिला. काही आठवडे शहरात दोन शासने एकाच वेळी काम करीत होती.

एप्रिल ३ – शटल्सवर्थ यांची संघटना आणि मार्टिन ल्युथर किंग यांची ‘सदर्न ख्रिश्चन लीडरशिप कॉन्फरन्स’ यांच्या संयुक्त आंदोलनास प्रारंभ. दुकानांतील उपाहारकक्षांत कृष्णवर्णीय स्वयंसेवक जाऊन बसले. ईस्टरच्या खरेदीच्या दिवसांत मध्यवर्ती बाजारपेठेवर बहिष्कार टाकण्यात आला.

एप्रिल १० – न्यायालयाचा निदर्शनांविरुद्ध मनाई हुकूम.

एप्रिल १२ – गुड फ्रायडेच्या दिवशी हुकूम मोडून मोर्चा काढल्याबद्दल किंग व राल्फ ॲबरनाथी यांना अटक. त्याच सुमारास शहरातील आठ गौरवर्णीय धर्मगुरूंनी निदर्शने अकाली असल्याचे निवेदन प्रसिद्ध केले. त्याला उत्तर म्हणून किंग यांनी तुरुंगातून लिहिलेल्या पत्रावर १६ एप्रिल ही तारीख आहे. लेखनाचा काही भाग वर्तमानपत्राच्या समासात लिहिलेला होता. २० एप्रिल रोजी किंग जामिनावर सुटले.

मे २ – शाळकरी मुलांच्या मोर्चांना सोळाव्या रस्त्यावरील बॅप्टिस्ट चर्चपासून प्रारंभ. पहिल्याच दिवशी शेकडो मुलांना अटक झाली.

मे ३ – केली इन्ग्रॅम पार्क परिसरात मुलांवर पोलिसी कुत्रे सोडण्यात आले व अग्निशामक दलाच्या नळांतून पाण्याचे जोरदार मारे करण्यात आले. बिल हडसन, चार्ल्स मूर आदींनी टिपलेली छायाचित्रे देशभर पोहोचली.

मे ७ – पाण्याच्या माऱ्याने शटल्सवर्थ जखमी.

मे १० – केंद्रीय न्यायखात्याचे बर्क मार्शल यांच्या मध्यस्थीनंतर समझोता जाहीर. उपाहारकक्ष, कपडे बदलण्याच्या खोल्या व पाण्याचे नळ ठरावीक मुदतीत सर्वांना खुले करणे आणि कृष्णवर्णीयांना दुकानांत विक्रेत्याच्या नोकऱ्या देणे ही त्यातील प्रमुख कलमे होती.

मे ११ – किंग यांचे बंधू ए. डी. किंग यांचे घर आणि आंदोलकांचे मुख्य ठिकाण असलेले गॅस्टन मोटेल येथे बॉम्बस्फोट. त्या रात्री दंगल उसळली. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी शहराजवळ केंद्रीय सैन्य सज्ज ठेवले.

मे २३ – राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बाऊटवेल यांचे शासन वैध ठरवले. कॉनर पदावरून दूर झाले.

जुलै २३ – नगरपरिषदेने वंशविभेदाचे नगरकायदे रद्द केले.

सप्टेंबर ४ – ग्रेमाँट प्राथमिक शाळेत दोन कृष्णवर्णीय भावांची नावनोंदणी. त्याच रात्री वकील आर्थर शोअर्स यांच्या घरावर दोन आठवड्यांत दुसऱ्यांदा बॉम्बहल्ला.

सप्टेंबर १० – केनेडी यांनी अलाबामाचे नॅशनल गार्ड दल केंद्राच्या ताब्यात घेतले. तीन शाळांमध्ये मिळून पाच कृष्णवर्णीय विद्यार्थी वर्गात बसले.

सप्टेंबर १५ – सोळाव्या रस्त्यावरील बॅप्टिस्ट चर्चमध्ये रविवारच्या सकाळी बॉम्बस्फोट. ॲडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली, कॅरोल रॉबर्टसन (तिघी वय १४) व डेनिस मॅकनेअर (वय ११) यांचा मृत्यू. ॲडीची बहीण सारा हिचा एक डोळा गेला. त्याच दिवशी शहरात जॉनी रॉबिन्सन (वय १६) पोलिसाच्या गोळीने, तर व्हर्जिल वेअर (वय १३) एका गौरवर्णीय तरुणाच्या गोळीने मरण पावला.

विद्यार्थ्यांचा सहभाग

एप्रिलअखेर आंदोलन मंदावले होते. मोठ्या माणसांना अटक झाल्यास नोकरी जाण्याचे व कुटुंबाचे उत्पन्न थांबण्याचे भय होते. मुलांवर ही जबाबदारी नसल्याने त्यांना सहभागी करून घ्यावे, असा आग्रह जेम्स बेव्हल यांनी धरला. मुलांना धोक्यात घालण्यावर त्या वेळीही तीव्र टीका झाली आणि प्रारंभी किंग स्वतः साशंक होते. तथापि, काही दिवसांतच तुरुंगात दोन हजारांहून अधिक निदर्शक दाखल झाल्याने तेथे जागा उरली नाही आणि व्यापारी तडजोडीस तयार झाले.

याचे परिणाम मुलांना शाळेतही भोगावे लागले. २० मे रोजी शिक्षण मंडळाने एक हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना निलंबित केले अथवा काढून टाकले. वर्ष संपत आले असताना त्यांचे शिक्षण धोक्यात आले. दोनच दिवसांनी केंद्रीय अपील न्यायालयाचे न्यायाधीश एल्बर्ट टटल यांनी त्यांना पुन्हा शाळेत घेण्याचा आदेश दिला.

सप्टेंबरमधील शाळाप्रवेशामागेही दीर्घ न्यायालयीन लढा होता. शहरात केशकर्तनालय चालवणारे जेम्स आर्मस्ट्राँग हे या दाव्यातील एक वादी होते. ग्रेमाँट शाळेत दाखल झालेले दोघे भाऊ त्यांचेच मुलगे होत.

भारताशी व महाराष्ट्राशी संबंध

या आंदोलनाचे तंत्र मोठ्या प्रमाणावर महात्मा गांधींच्या सत्याग्रहावरून घेतलेले होते. किंग यांनी १९५९ मध्ये भारताचा दौरा केला, तेव्हा मुंबईत त्यांनी मणिभवन येथे मुक्काम केला होता. बेव्हल यांनी अहिंसेचे शिक्षण नॅशव्हिल येथे जेम्स लॉसन यांच्या कार्यशाळांत घेतले. लॉसन हे त्यापूर्वी सुमारे तीन वर्षे नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात कार्यरत होते आणि तेथील वास्तव्यात त्यांनी गांधीविचाराचा अभ्यास केला होता.

परिणाम

मे महिन्यातील घटनांनंतर, ११ जून रोजी केनेडी यांनी दूरचित्रवाणीवरील भाषणात व्यापक नागरी हक्क कायद्याची घोषणा केली. तो कायदा त्यांच्या हत्येनंतर २ जुलै १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या स्वाक्षरीने अमलात आला.

चर्चमधील स्फोटाचा न्याय मात्र दीर्घकाळ रखडला. रॉबर्ट चॅम्बलिस याला १९६३ मध्ये केवळ डायनामाइट बाळगल्याबद्दल १०० डॉलर दंड व सहा महिन्यांची शिक्षा झाली. खुनाबद्दल तो १९७७ मध्ये दोषी ठरला. थॉमस ब्लँटन २००१ मध्ये व बॉबी फ्रँक चेरी २००२ मध्ये दोषी ठरले. चौथा संशयित खटला उभा राहण्यापूर्वीच मरण पावला.

१९७९ मध्ये रिचर्ड ॲरिंग्टन हे शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर म्हणून निवडून आले. १९९२ मध्ये केली इन्ग्रॅम पार्कसमोर ‘बर्मिंगहॅम सिव्हिल राइट्स इन्स्टिट्यूट’ हे संग्रहालय सुरू झाले. स्फोटात बळी पडलेल्या चौघींना २०१३ मध्ये अमेरिकी काँग्रेसचे सुवर्णपदक मरणोत्तर देण्यात आले. चर्च, उद्यान व गॅस्टन मोटेलचा परिसर जानेवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाला. चर्चमध्ये आजही नियमित उपासना होते. वेल्समधील लोकांनी वर्गणी काढून दिलेली रंगीत काचेची खिडकीही तेथे आहे.

हेही पाहा

मार्टिन ल्युथर किंग
नागरी हक्क चळवळ
महात्मा गांधी
सत्याग्रह
अलाबामा