वसाहतकालीन ऑस्ट्रेलियातील स्कॉटिश स्थलांतरित कुटुंबे : जमीन, शेती आणि विस्थापन (१८१० ते १८६५)

प्रस्तावना

१७८८ मध्ये ब्रिटिशांनी सिडनी येथे कैद्यांची वसाहत स्थापन केली. पुढील पाऊणशे वर्षांत या वसाहतीचे रूपांतर लोकर व धान्य पिकवणाऱ्या मुक्त वसाहतींच्या समूहात झाले. या परिवर्तनात स्कॉटलंडमधून आलेल्या कुटुंबांचा वाटा मोठा होता. कष्टाळू, काटकसरी व धर्मनिष्ठ स्कॉटिश शेतकऱ्याने ओसाड भूमी फुलवली, असे या कुटुंबांचे चित्र दीर्घकाळ रंगवले गेले. ते पूर्णतः असत्य नसले तरी अपुरे आहे. ज्या भूमीस ओसाड म्हटले गेले, ती ओसाड नव्हती. आणि जे लोक तेथे गेले त्यांतील अनेकजण स्वतःच्या भूमीवरून हुसकावले गेलेले होते. विस्थापितांनी इतरांचे विस्थापन घडवून आणावे, हा या इतिहासातील मूलभूत अंतर्विरोध होय. प्रस्तुत लेखात स्थलांतराची कारणे, जमिनीवरील हक्काचे स्वरूप, शेतीची पद्धती आणि तिचे मानवी व भौतिक परिणाम यांचा परामर्श घेतला आहे.

स्थलांतराची पार्श्वभूमी

स्कॉटलंडच्या उत्तर व पश्चिमेकडील डोंगराळ प्रदेशात, म्हणजे हायलँड्समध्ये, समाजाची रचना कुलसमूहावर आधारलेली होती. कुलप्रमुख जमिनीचा धनी असला तरी त्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुटुंबांचा तिच्यावर परंपरेने हक्क आहे, अशी लोकभावना होती. कायद्याने मात्र हा हक्क कधीच मान्य केला नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकर व मांस यांचे भाव वाढले, तेव्हा कुळांच्या तुटपुंज्या खंडापेक्षा चेव्हियट जातीच्या मेंढ्यांचे कळप अधिक किफायतशीर ठरू लागले. परिणामी जमीनमालकांनी दऱ्याखोऱ्यांतील गावे रिकामी करवून घेतली. सदरलँड परगण्यातील स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात १८१४ व १८१९ साली झालेली हकालपट्टी विशेष कुप्रसिद्ध आहे. तेथील व्यवस्थापक पॅट्रिक सेलर याच्यावर १८१६ मध्ये खटला चालला, परंतु तो निर्दोष सुटला. उठवलेल्या कुळांच्या जमिनी मेंढपाळीसाठी खंडाने घेणाऱ्यांत तो स्वतःही होता.

हुसकावलेली कुटुंबे समुद्रकिनाऱ्यावरील लहान तुकड्यांवर वसवण्यात आली. समुद्रशैवाल जाळून त्याची राख विकण्याचा धंदा त्यांना काही काळ तगवून होता; परंतु १८१५ मध्ये नेपोलियनची युद्धे संपल्यानंतर स्वस्त परदेशी क्षार बाजारात आले आणि तो धंदा बसला. बटाटा हेच मुख्य अन्न उरले. १८४६ पासून बटाट्यावर रोग पडला व दहा वर्षांच्या दुष्काळाने या कुटुंबांचा उरलासुरला आधारही गेला.

दक्षिणेकडील सखल प्रदेशाची, म्हणजे लोलँड्सची, स्थिती निराळी होती. तेथे शेतीत सुधारणा झाली होती, भांडवल साठले होते आणि खंडाने शेती करणाऱ्या सधन शेतकऱ्यांच्या धाकट्या मुलांना नवी जमीन हवी होती. म्हणून स्कॉटिश स्थलांतर ही एकच घटना नसून, भांडवल घेऊन निघालेले आणि उपासमारीतून निघालेले असे तिचे दोन प्रवाह होते, हे लक्षात घेणे आवश्यक आहे.

हिंदुस्थानमार्गे ऑस्ट्रेलिया

पहिल्या प्रवाहाचा हिंदुस्थानाशी निकटचा संबंध होता. न्यू साउथ वेल्सचा १८१० ते १८२१ या काळातील गव्हर्नर लॅकलन मॅक्वारी हा हेब्रिडीज बेटांतील उल्व्हा येथे जन्मला. १७८८ मध्ये ७७ व्या पलटणीबरोबर तो मुंबईस आला. १७९३ मध्ये मुंबईतच जेन जार्व्हिस हिच्याशी त्याचा विवाह झाला आणि १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत त्याने भाग घेतला. जेनचे १७९६ मध्ये मकाव येथे निधन झाले व तिचे दफन मुंबईत करण्यात आले. पुढे मल बेटावरील आपल्या जमिनीस मॅक्वारीने तिच्या स्मरणार्थ ‘जार्व्हिसफील्ड’ असे नाव दिले.

ग्रीनॉक येथे जन्मलेला रॉबर्ट कॅम्पबेल कलकत्त्यातील आपल्या कुटुंबाच्या पेढीतर्फे १७९८ मध्ये सिडनीस आला. सरकारसाठी बंगालमधून तांदूळ आणण्याच्या कामगिरीवर असलेले त्याचे ‘सिडनी’ जहाज १८०६ मध्ये फुटले. त्याच्या भरपाईपोटी १८२५ मध्ये त्यास सरकारी मेंढ्या व ४,००० एकर जमीन मिळाली. आजच्या कॅनबेराजवळील या जमिनीवर ‘डंट्रून’ ही वसाहत उभी राहिली आणि पुढे तेथे काम करण्यासाठी स्कॉटिश कुटुंबे आणण्यात आली. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील निवृत्त अधिकारी कॅप्टन पॅट्रिक वुड हा १८२२ मध्ये ‘कॅसल फोर्ब्स’ जहाजाने व्हॅन डिमेन्स लँड, म्हणजे आजच्या टास्मानियात आला आणि बॉथवेलजवळ ‘डेनिस्टून’ येथे स्थिरावला. १८२४ मध्ये त्याने स्कॉटलंडहून आणलेली काळी अँगस गुरे ही ऑस्ट्रेलियातील त्या जातीची पहिली गुरे मानली जातात. हिंदुस्थानातील नोकरी व व्यापार यांतून मिळालेला पैसा आणि ओळखी ऑस्ट्रेलियातील जमिनीत गुंतवल्या गेल्या, असे या उदाहरणांवरून दिसून येते.

जमीन मिळण्याचे मार्ग

आरंभी गव्हर्नर अर्जदाराची ऐपत पाहून जमीन बहाल करीत असे. १८३१ च्या नियमांनी ही पद्धत बंद होऊन जमीन लिलावाने, एकरी किमान पाच शिलिंग दराने विकली जाऊ लागली. हा दर १८३९ मध्ये बारा शिलिंग व १८४२ च्या कायद्याने एक पौंड करण्यात आला. या विक्रीतून जमलेल्या निधीतून ब्रिटनमधील गरीब कुटुंबांचा प्रवासखर्च भागवावा, अशी योजना होती. जमीन महाग ठेवली की नवागत लगेच मालक होणार नाही, मजूर म्हणून राबेल, हा त्यामागील हिशेब होता. ज्या भूमीच्या विक्रीतून हा निधी उभा राहिला, तिच्या मूळ रहिवाशांस मात्र त्यातील मोबदला म्हणून काही मिळाले नाही.

भांडवलदार मेंढपाळांनी या व्यवस्थेस बगल दिली. १८२९ मध्ये सरकारने वस्तीची सीमा एकोणीस परगण्यांपुरती आखली होती. परंतु कळप त्या सीमेपलीकडे केव्हाच गेले होते. अखेर १८३६ मध्ये वार्षिक दहा पौंड परवाना शुल्क घेऊन सरकारने हा ताबा नियमित केला. दहा पौंडांत हजारो एकर कुरण वापरावयास मिळत असे. १८३६ मध्येच ग्लासगो येथील भांडवलावर ‘क्लाइड कंपनी’ स्थापन झाली. फाइफ परगण्यातून १८३१ मध्ये आलेल्या जॉर्ज रसेल याने पोर्ट फिलिप प्रदेशात लेह नदीकाठी ‘गोल्फ हिल’ येथून वीस वर्षांहून अधिक काळ तिचा कारभार पाहिला.

दुसऱ्या प्रवाहातील कुटुंबांचा अनुभव याहून वेगळा होता. १८३७ मध्ये न्यू साउथ वेल्स सरकारचे प्रतिनिधी डॉ. डेव्हिड बॉयटर यांनी हायलँड्समधून कुटुंबांची निवड केली. त्या वर्षी ‘विल्यम निकोल’ जहाजाने स्काय बेटावरून तीनशेहून अधिक माणसे निघाली. वर्षाअखेरीस ‘मिडलोथियन’ने आलेल्या कुटुंबांनी एकत्र राहण्याचा आग्रह धरला. त्यांना हंटर खोऱ्यात अँड्र्यू लँग यांच्या ‘डनमोर’ जमिनीवर कुळे म्हणून वसवण्यात आले. त्यांच्यासमवेत गेलिक जाणणारे धर्मोपदेशक विल्यम मॅकिन्टायर होते. भाषा, धर्म व शेजार टिकवण्याची ही धडपड होती; मात्र जमिनीच्या दृष्टीने पाहता ही कुटुंबे एका मालकाचे कूळ होण्याचे थांबून दुसऱ्या मालकाचे कूळ झाली होती.

१८५२ मध्ये सर चार्ल्स ट्रेव्हेलियन व सर जॉन मॅकनील यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या ‘हायलँड अँड आयलंड इमिग्रेशन सोसायटी’ने पुढील पाच वर्षांत सुमारे पाच हजार लोकांना ऑस्ट्रेलियास धाडले. १८५१ मध्ये सोने सापडल्याने मेंढपाळ कळप सोडून खाणींकडे पळाले होते व मजुरांची निकड होती. स्कॉटलंडमधील जमीनमालकांनाही आपली गरीब कुळे कमी करावयाची होती. दोहोंच्या सोयीतून हे स्थलांतर घडले. डिसेंबर १८५२ मध्ये निघालेल्या ‘हर्क्युलिस’ जहाजावर देवी व टायफस यांची साथ पसरली आणि पन्नासहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. वाचलेल्यांपैकी अनेकांची वाटणी वेगवेगळ्या जहाजांत झाल्याने कुटुंबे विखुरली.

शेती व मेंढपाळीचे स्वरूप

कुंपणे नसलेल्या विस्तीर्ण कुरणांत मेंढपाळ दिवसभर कळपामागे चाले. रात्री मेंढ्या हलवता येणाऱ्या लाकडी ताट्यांच्या वाड्यात कोंडल्या जात व झोपडीची राखण करणारा गडी जागता पहारा देई. स्कॉटलंडमधील मेंढपाळांचे पशुपालनाचे ज्ञान आणि त्यांची कोली कुत्री येथे उपयोगी पडली. या कुत्र्यांपासूनच पुढे १८७० च्या दशकात व्हिक्टोरियातील कॅस्टरटनजवळ ‘केल्पी’ ही ऑस्ट्रेलियन जात पैदा झाली; तिचे नाव स्कॉटिश लोककथेतील जलपिशाच्चाचे आहे. सोन्याच्या शोधानंतर मजुरी वाढली, तेव्हा तारेची कुंपणे आली आणि पायी फिरणाऱ्या मेंढपाळाची गरज कमी झाली. ज्या श्रमासाठी हायलँड्सची कुटुंबे आणली गेली, तो श्रमच एका पिढीत मागे पडला.

या व्यवसायात स्त्रियांचे स्थान केवळ घरकामापुरते नव्हते. फाइफमध्ये जन्मलेली आणि स्कॉटलंडमध्ये स्वतः शेती केलेली अ‍ॅन ड्रायसडेल १८४० मध्ये पोर्ट फिलिपला आली. कॅरोलाइन न्यूकम हिच्या भागीदारीत तिने जिलाँगजवळ बारवन नदीकाठी मेंढपाळी केली. १८५३ मध्ये ती निवर्तली. तिची रोजनिशी त्या काळच्या ग्रामजीवनाचे मोलाचे साधन आहे.

मूळ रहिवाशांचे विस्थापन

ही कुरणे मूळ रहिवाशांची शिकारीची व कंदमुळांची भूमी होती. पाणवठे मेंढ्यांनी व्यापले की त्यांच्या जगण्याचा आधार जाई आणि संघर्ष उद्भवे. एप्रिल १८१६ मध्ये मॅक्वारीच्या आदेशावरून निघालेल्या सैनिकांनी सिडनीच्या नैर्ऋत्येस अ‍ॅपिन येथे किमान चौदा आदिवासींना ठार केले. त्यांत स्त्रिया व मुलेही होती. या स्थळास मॅक्वारीने आपल्या पत्नीच्या, एलिझाबेथ कॅम्पबेलच्या, जन्मप्रदेशाचे नाव दिले होते.

स्काय बेटावर १८१० मध्ये जन्मलेला अँगस मॅकमिलन १८३९ ते १८४१ या काळात गिप्सलँडमध्ये वाटा शोधत फिरला व त्या प्रदेशास त्याने ‘कॅलेडोनिया ऑस्ट्रेलिस’, म्हणजे दक्षिणेचे स्कॉटलंड, असे नाव दिले. १८४३ मध्ये रोनाल्ड मॅकॅलिस्टर या स्कॉटिश वसाहतवाल्याची हत्या झाली. तिचा सूड म्हणून वॉरिगल क्रीक येथे गुनाई-कुर्नाई लोकांची सामूहिक कत्तल करण्यात आली. मृतांची संख्या साठ ते दीडशे यांदरम्यान सांगितली जाते. मॅकमिलनचे नाव या घटनेशी जोडले जाते. त्याच्या नावाचा संसदीय मतदारसंघ २०१८ मध्ये बदलून ‘मोनाश’ करण्यात आला.

अर्गाइलमधून १८३९ मध्ये आलेल्या नील ब्लॅक याची साक्ष अधिक अस्वस्थ करणारी आहे. नवे कुरण बळकवावयाचे तर मूळ रहिवाशांना सरसकट मारताना न कचरणारे, निबर झालेले मन हवे, अशा आशयाची नोंद त्याच्या रोजनिशीत आहे. त्याने स्वतः असे कुरण न बळकावता तयार कुरण विकत घेतले. परंतु त्याच कुरणावर त्याच वर्षी फ्रेडरिक टेलर या व्यवस्थापकाच्या टोळीने जर्गुर्ड वुरुंग लोकांची कत्तल केली होती व चौकशीच्या भीतीने तो पसार झाला होता. हिंसा स्वतः न करता तिचे फळ विकत घेता येत होते आणि विकत घेणाऱ्यास त्याची जाणीव होती, हे या नोंदीवरून स्पष्ट होते.

भूमीचा ऱ्हास

ग्लासगोहून आलेला जॉन जॉर्ज रॉबर्टसन १८४० मध्ये वांडो व्हेल येथे स्थायिक झाला. वनस्पतींचा अभ्यासक असल्याने आपल्या कुरणातील ३७ प्रकारची गवते त्याने ओळखली होती. १८५३ मध्ये लेफ्टनंट गव्हर्नर ला ट्रोब यांस लिहिलेल्या पत्रात त्याने जे वर्णन केले, ते लक्षणीय आहे. खोल मुळांची गवते मेंढ्यांच्या चरण्याने नष्ट झाली, त्यांच्या जागी निरुपयोगी हंगामी गवत माजले, तुडवून घट्ट झालेल्या जमिनीवरून पावसाचे पाणी वाहून जाऊ लागले, उतारांवर घळी पडल्या, दरडी कोसळल्या आणि ठिकठिकाणी खारे झरे फुटले. हे सारे अवघ्या तेरा वर्षांत घडले होते. वसाहतीस प्रगती मानणाऱ्या काळात एका वसाहतवाल्यानेच दिलेली ही कबुली आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, सखल प्रदेशातील भांडवलदार व डोंगराळ प्रदेशातील निर्धन कुटुंबे यांना एकाच मापाने मोजता येत नाही. कुरणांची मालकी प्रामुख्याने पहिल्या वर्गाकडे गेली. मॅकमिलनसारखी उदाहरणे ही विभागणी अभेद्य नव्हती, हेही दर्शवतात. दुसरी, लहान शेतकऱ्यास जमीन सुलभ व्हावी यासाठीचे कायदे १८६० नंतर आले. व्हिक्टोरियातील १८६५ चा कायदा ज्याच्या नावाने ओळखला जातो, तो जेम्स मॅकफर्सन ग्रँट हाही हायलँड्समध्येच जन्मला होता. तोपर्यंत उत्तम कुरणे बळकावली गेली होती आणि मूळ रहिवाशांचा हक्क याही कायद्यांनी विचारात घेतला नाही. तिसरी, स्वतः सोसलेला अन्याय माणसास दुसऱ्यावरील अन्यायापासून आपोआप परावृत्त करीत नाही. ज्या मेंढीने हायलँड्समधील कुळांना देशोधडीस लावले, तिच्याच पाठीवरील लोकरीने त्यांना ऑस्ट्रेलियात अन्न दिले, आणि तिच्याच पायांखाली दुसऱ्या समाजाची भूमी गेली. स्कॉटलंडमध्ये परंपरेने नांदणाऱ्यांचा हक्क कागदावर नाही म्हणून नाकारला गेला होता. ऑस्ट्रेलियात तोच युक्तिवाद अधिक कठोरपणे वापरला गेला. म्हणूनच या कुटुंबांच्या कष्टांचा इतिहास आणि त्यांनी व्यापलेल्या भूमीचा इतिहास वेगवेगळे न लिहिता एकत्रच लिहिले गेले पाहिजेत.