क्षमा न मागणाऱ्या नायिका

अंबडच्या मत्स्योदरीच्या टेकडीवर नवरात्रांत जी दाटी होते, तींत बायकाच अधिक दिसतात. टेकडीचा आकार माशासारखा, म्हणून देवीचें हें नांव. मंदिर अहिल्याबाई होळकरांनीं बांधविलें अशी येथील परंपरा आहे, आणि ती असंभाव्य वाटत नाहीं. कारण १८१८ च्या मंदसोरच्या तहानें होळकरांना सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख सोडावा लागला, त्यापूर्वी हा परगणा त्यांच्या ताब्यांत होता. पुढें येथें निजामाचा अंमल झाला व तो सप्टेंबर १९४८ पर्यंत टिकला. अंमल बदलले, पण टेकडीवरची देवी आणि घरांतल्या भिंतीवरची अहिल्याबाई या दोघींचें स्थान बदललें नाहीं. भिंतीवरच्या तसबिरींत बाईंच्या अंगावर पांढरें वस्त्र असतें, डोक्यावर पदर असतो आणि तळहातावर शिवलिंग. ज्या बाईनें अठ्ठावीस वर्षें दौलत चालविली, तिच्या हातीं एखादा कागद किंवा शिक्का देण्याचें आमच्या चित्रकारांच्या मनांत फारसें कधीं आलें नाहीं.

जानेवारी १९२१ नव्हे, २०२१ मध्यें (शतकांची अशी गल्लत इतिहास शिकविणारांची व्हावयाचीच!) अहिल्याबाईंच्या चरित्रावरील हिंदी मालिका दूरदर्शनसंचावर सुरू झाली, तेव्हां आमच्या घरींही ती नेमानें पाहिली जाऊं लागली. लहानगी अहिल्या प्रश्न विचारी, वडीलधाऱ्यांशीं वाद घाली, आणि घरांतील मंडळी कौतुकानें माना डोलावीत. या कौतुकांत आम्हीही सामील होतों. परंतु मनांत एक शंका राहून राहून येई. पडद्यावरील या मुलीच्या मागें मल्हाररावांचा हात आहे, म्हणून तिचें बोलणें आम्हांस गोड लागतें; तो हात नसता तर? कोणाच्या संमतीची वाट न पाहतां वागणारी, आणि वागल्यावर कोणाची क्षमा न मागणारी स्त्री आमच्या मराठी पडद्यावर कधीं आली काय, आणि आली तेव्हां आम्हीं तिचें काय केलें, हा शोध त्या शंकेंतून निघाला.

प्रथम पडद्याच्या मागचा काळ पाहिला पाहिजे. १८९९ सालीं गोविंद बल्लाळ देवल यांचें ‘संगीत शारदा’ रंगभूमीवर आलें. जरठ-कुमारी विवाहावर त्या नाटकानें जो प्रहार केला तो विख्यातच आहे. परंतु शारदा रडते, आपलें दैव बोलून दाखविते, जीव द्यावयास निघते. तिची सुटका करतो तो कोदंड. प्रेक्षकांना तिची दया यावी, अशी त्या नाटकाची रचना आहे, आणि दया ही ज्याच्या त्याच्या मोठेपणास सुखावणारी भावना असल्यामुळें त्या नाटकानें कोणाचें आसन डळमळलें नाहीं.

वस्तुतः दया न मागणारी स्त्री त्याच्या आधींच होऊन गेली होती, आणि ती नाटकांत नव्हे, मुंबईच्या हायकोर्टांत. रखमाबाईंचें लग्न त्यांच्या अकराव्या वर्षीं दादाजी भिकाजी यांच्याशीं झालें. वयांत आल्यावर त्यांनीं नांदावयास जाण्याचें नाकारलें. १८८४ सालीं दादाजींनीं फिर्याद केली. १८८५ मध्यें न्यायमूर्ती पिन्ही यांनीं निकाल बाईंच्या बाजूनें दिला. अपिलांत तो फिरला. आणि १८८७ च्या मार्चमध्यें न्यायमूर्ती फॅरन यांनीं पतीकडे जा, नाहींतर सहा महिने कैद भोगा, असा हुकूम केला. रखमाबाईंनीं कैद पत्करण्याची तयारी दाखविली! ‘केसरी’सारख्या पत्रानें त्यांच्यावर कोरडे ओढले. अखेर १८८८ मध्यें दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि बाई विलायतेस जाऊन डॉक्टर होऊन आल्या. नको असलेल्या नवऱ्याचें घर नाकारतां येतें, हें अशा रीतीनें महाराष्ट्राच्या डोळ्यांसमोर सिद्ध झालें होतें. परंतु वाङ्मयास तें पचविण्यास आणखी पन्नास वर्षें लागलीं.

पडद्याचा आरंभ तर स्त्रीवांचूनच झाला. १९१३ सालीं दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्रा’तील तारामतीसाठीं एकही स्त्री मिळेना; साळुंके नांवाच्या तरुणास लुगडें नेसवून काम भागवावें लागलें. त्याच वर्षीं ‘मोहिनी भस्मासुरा’साठीं दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई पुढें आल्या, ही त्या मायलेकींची छाती. पुढें १९३२ सालीं ‘अयोध्येचा राजा’ हा प्रभातचा मराठी बोलपट निघाला, तेव्हां तारामती झाल्या दुर्गाबाई खोटे. सुशिक्षित, प्रतिष्ठित घरांतील स्त्रीनें चित्रपटांत यावें यानें तेव्हां केवढा गहजब झाला असेल, याची कल्पना आजच्या तरुण वाचकांस येणें अवघड आहे.

याच दुर्गाबाई १९३६ सालीं ‘अमरज्योती’ या प्रभातच्या हिंदी चित्रांत सौदामिनी झाल्या. शांतारामबापूंच्या या चित्रांतील सौदामिनीला न्यायमंत्री तिच्या मुलाचा ताबा नाकारतो, आणि ती समुद्रावरची चांचेगिरी पत्करते. जहाज, तलवार, सूड, सारें आहे. दुर्गाबाईंची उभी राहण्याची ढबच अशी की बघणाराला आपण बसलों आहों याची लाज वाटावी. तरी आमच्या मतें सौदामिनी ही धीटपणाची सोपी पायरी होय. देश काल्पनिक, काळ प्राचीन, भोंवतीं समुद्र. पुण्याच्या वा औरंगाबादच्या गृहस्थाला तिच्यापासून कसलें भय? आपल्या घराच्या ओसरीला समुद्र लागत नाहीं, हें तो जाणून असतो.

पुढच्याच वर्षीं प्रभातनें तो समुद्र ओसरीवर आणला. १९३७ चा ‘कुंकू’ हा चित्रपट नारायण हरि आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून घेतलेला. पोरकी नीरा मामाच्या घरीं वाढते. पैशाच्या लोभानें मामा तिला फसवून काकासाहेब नांवाच्या वृद्ध विधुर वकिलाच्या गळ्यांत बांधतो. येथवर कथा शारदेचीच, फक्त कोदंड नाहीं. आणि कोदंड नाहीं हेंच या चित्राचें थोरपण. लग्न लागून गेलें आहे, कायदा, शास्त्र, शेजारपाजार सारे नवऱ्याच्या बाजूला आहेत, आणि त्या घरांत राहून ही पोर म्हणते की हें लग्न मला मान्य नाहीं. ती पळून जात नाहीं, विहीर जवळ करीत नाहीं. ती नवऱ्याला जवळ येऊं देत नाहीं, आणि याबद्दल तिच्या चेहऱ्यावर अपराधाचा मागमूस नसतो.

शांता आपट्यांचा तो चेहरा हाच या चित्राचा खरा ग्रंथ आहे. त्यांच्या नीरेला राग येतो तेव्हां तो सुंदर दिसावा म्हणून कोणतीही सजावट केलेली नाहीं. सावत्र मुलगा तिच्याशीं लगट करूं पाहतो, तेव्हां ती हातीं छडी घेऊन त्याला बडवून काढते, आणि सावत्र का होईना, आई म्हणूनच बडवते. नात्यानें लादलेला अधिकार नात्याच्याच उपयोगाला आणण्याची ही चतुराई आम्हांस फार आवडते. ती एकांतांत गाणें म्हणते तें इंग्रज शाळेंत शिकविल्या जाणाऱ्या लाँगफेलोच्या कवितेचें, आयुष्याच्या रणांगणावर लढा असा उपदेश करणाऱ्या त्या प्रसिद्ध कवितेचें. ती कविता पाठ करून मॅट्रिक झालेले शेकडों पुरुष त्या काळीं महाराष्ट्रांत होते. ती आपल्याला लागू आहे असें वाटलेली ही एक मुलगी.

दिग्दर्शनाची एक गोष्ट नमूद केली पाहिजे. या चित्रांत प्रसंगांच्या पाठीशीं वाद्यसंगीत नाहीं. घरांतले आवाज तेवढे ऐकूं येतात, आणि त्यांत भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची टिकटिक. केशवराव दात्यांचे काकासाहेब केसांना कलप लावतात, आरशांत पाहतात, आणि घड्याळ त्यांचें वय मोजीत राहतें. सारंगीच्या करुण सुरांवर नीरेचें दुःख तरंगत आलें असतें, तर प्रेक्षकाचे डोळे पाणावले असते आणि काम भागलें असतें. सूर नसल्यामुळें त्याला तिचें म्हणणें ऐकावें लागतें. काकासाहेबांच्या समाजकार्य करणाऱ्या कन्येच्या भूमिकेंत रँग्लर परांजप्यांच्या कन्या शकुंतलाबाई आहेत. संततिनियमनाच्या कार्यांत ज्यांचें नांव पुढें गाजलें त्या ह्याच. भूमिका आणि माणूस एवढीं जवळ क्वचितच येतात.

१९२९ चा सारडा कायदा या वेळीं ब्रिटिश हिंदुस्थानांत अंमलांत आलेला होता. त्यानें मुलीचें लग्नाचें वय चवदा ठरविलें. नवऱ्याच्या वयाला वरची मर्यादा घातली नाहीं. म्हणजे काकासाहेब कायद्याच्या दृष्टीनें अगदीं निर्दोष! आणि आमचें अंबड तर निजामाच्या राज्यांत. तेथें तो कायदाच चालत नव्हता. कायद्याच्या हातून जें सुटलें तें एका मुलीच्या नकारानें पकडलें, हें ‘कुंकू’चें ऐतिहासिक महत्त्व.

आतां या चित्राचा शेवट. काकासाहेबांना पश्चात्ताप होतो. ते नीरेच्या कपाळींचें कुंकू पुसतात, तिला मुलगी मानतात, आणि पुनर्विवाह करण्याविषयीं पत्र लिहून ठेवून आत्महत्या करतात. कांहीं वर्षांपूर्वी आम्हीं आमच्या विद्यार्थ्यांना हें चित्र दाखविलें. संपल्यावर आम्ही केशवराव दात्यांच्या अभिनयाविषयीं बराच वेळ बोललों. शेवटच्या प्रसंगानें आमचाही कंठ दाटून आला होता. तेव्हां मागच्या बांकावरची, जवळच्या खेड्यांतून रोज एसटीनें येणारी एक मुलगी उठून म्हणाली, “सर, सगळी लढाई तिनं केली आणि सुटका मात्र त्यांनी दिली, असं का?” आम्हांस तत्काळ उत्तर सुचलें नाहीं. आम्हीं त्या काळच्या समाजस्थितीविषयीं कांहींतरी सांगितलें. मुलगी खालीं बसली, पण तिचें समाधान झालें नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर आमचेंही नाहीं. गेलीं कित्येक वर्षें आम्ही हा शेवट वर्गांत वाखाणीत आलों होतों; वाखाणीत होतों तो काकासाहेबांना, हें त्या दिवशीं कळलें. नीरेनें दाखविलेला धीटपणा आम्हांस पचला तो एका वृद्ध पुरुषानें मरून त्यावर सही केली म्हणून.

एकदां ही दृष्टि आल्यावर इतर चित्रें निराळीं दिसूं लागतात. १९३९ च्या ‘माणूस’मधील मैना पाहा. शांता हुबळीकरांची ही वेश्या प्रभातच्या नायिकांत सर्वांत हसरी. पोलीस शिपाई गणपत तिला त्या वस्तींतून बाहेर काढूं पाहतो, तिच्याशीं लग्न करण्यास सिद्ध होतो. पण गणपतच्या आईच्या घरचें पावित्र्य पाहून मैना मागें फिरते. पुढें मामाचा खून करून तुरुंगांत जाते, आणि गणपत सोडवावयास आला असतां सुटून जाण्याचेंही नाकारते. तिचा हा नकार ताठ मानेचा आहे खरा, परंतु तो तिला गजाआड ठेवणारा आहे. नीरेचा नकार घराला अडचणीचा, मैनेचा घराला सोयीचा. प्रेक्षक दोघींवर लुब्ध झाले. कोणीवर अधिक, हें सांगावयास नको.

पडद्याबाहेर मात्र कोणा काकासाहेबांच्या पत्राची वाट न पाहणारी एक बाई होतीच. नीरेची भूमिका करणाऱ्या शांता आपट्यांनीं १९३९ सालीं करारावरून वाद झाला तेव्हां प्रभातच्याच फाटकावर उपोषण मांडलें! दुसऱ्या वर्षीं त्यांनीं ‘जाऊं मी सिनेमांत?’ हें पुस्तक लिहून त्या धंद्यांत येऊं पाहणाऱ्या मुलींशीं स्पष्ट बोलणें केलें. नटीनें गावें, नाचावें, रडावें. तिनें कराराची कलमें वाचावीं, ही कल्पना तेव्हां कोणास होती?

शेवटावर नायिकेचीच सही असलेला मराठी चित्रपट पाहावयास १९८२ साल उजाडावें लागलें. जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’मधील सुलभा (कथा शांता निसळांच्या ‘बेघर’ कादंबरीची) चांगलें सासर, वकील नवरा आणि लहान मुलगी यांना मागें ठेवून महिलाश्रमाची अधीक्षक होऊन जाते, तेथें हरते, घरीं परत येते, आणि घरांत आपली जागा उरली नाहीं हें पाहून पुन्हां बाहेर पडते. स्मिता पाटलांनीं हें दुसरें बाहेर पडणें कसल्याही आक्रोशावांचून केलें आहे. चित्रपटगृहांतून परततांना आमच्या पिढींतील अनेकांनीं विचारलें होतें की तिच्या मुलीचें काय? प्रश्न योग्य आहे. परंतु कथानायक ध्येयासाठीं घर सोडतो तेव्हां तो विचारल्याचें आम्हांस स्मरत नाहीं.

आतां भिंतीवरच्या तसबिरीकडे पुन्हां पाहतां येईल. १७५४ मध्यें कुंभेरीस पति पडला. १७६६ मध्यें मल्हारराव गेले. दुसऱ्या वर्षीं एकुलता मुलगा मालेराव गेला. गंगाधर यशवंतानें दत्तकाचा घाट घालून राघोबादादांना बोलाविलें. ते सैन्य घेऊन आले, तेव्हां अहिल्याबाईंनीं शिंदे, गायकवाड, भोसले यांच्याकडे निरोप धाडले, पुण्यास माधवराव पेशव्यांकडून आपल्या कारभाराला मान्यता मिळविली, आणि लढाईची तयारी केली. राघोबादादांना आपण दुखवट्यासाठीं आलों असें म्हणावें लागलें. या वेळीं त्यांच्या पाठीशीं मल्हाररावांचा हात नव्हता. मल्हारराव या जगांत नव्हते. कागद, निरोप आणि तोफा यांच्या जोरावर एका विधवेनें पेशव्यांच्या चुलत्यास माघारें फिरविलें. पुढें रामपुऱ्याच्या चंद्रावतांनीं बंड केलें तें तिनें मोडलें, आणि तें मोडल्याबद्दल ती कोणापुढें लवली नाहीं.

हें सारें त्या आगगाडीच्या वेगानें बोलणाऱ्या, एसटीनें येणाऱ्या मुलीला आम्ही मागल्या नवरात्रांत सांगितलें. ती आतां शिक्षिका आहे व मत्स्योदरीच्या पायऱ्यांवर भेटली होती. तिनें ऐकून घेतलें, आणि आपल्या शाळेंत अहिल्याबाईंच्या जयंतीला मुलींना पांढरी साडी नेसवून हातांत पिंड देतात, यंदां आपण एका मुलीच्या हातांत दौत आणि टाक देऊं म्हणतों, असें म्हणाली. मुख्याध्यापकांना विचारलें काय, असें आम्हीं सहज विचारून गेलों. ती हसली, आणि “नाही” म्हणून पायऱ्या चढूं लागली.