एमजीएमचा सिंह

मेट्रो-गोल्डविन-मेयर, म्हणजे एमजीएम, ही अमेरिकी चित्रसंस्था १९२४ साली उभी राहिली. तिचा सिंह मात्र तिच्याहून वयाने मोठा आहे. सॅम्युअल गोल्डविन यांच्या गोल्डविन पिक्चर्स या कंपनीसाठी हॉवर्ड डीट्झ या तरुण जाहिरातकाराने तो तयार केला. डीट्झ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेला होता आणि तिथल्या खेळाडूंच्या संघाचे चिन्ह सिंह हेच होते. तेच त्याने उचलले. सिंहाभोवती फिल्मच्या फितीचे कडे आणि त्या कड्यावर ‘आर्स ग्राटिया आर्टिस’, म्हणजे ‘कलेसाठी कला’, हे लॅटिन वचन अशी मांडणी ठरली. पैशाच्या हिशेबावर चालणाऱ्या धंद्याने असे वचन मिरवावे यात गंमत आहेच. पुढे डीट्झने गीतकार म्हणूनही नाव कमावले.

१९२४ मध्ये मेट्रो, गोल्डविन आणि लुई मेयर यांच्या कंपन्या एकत्र आल्या आणि सिंह नव्या संस्थेकडे आला. स्वतः गोल्डविन त्याआधीच आपल्या कंपनीतून बाहेर पडले होते. नाव आणि चिन्ह दोन्ही त्यांच्या कंपनीचे, पण एमजीएमच्या कारभारात ते कधीच नव्हते.

प्रेक्षक ज्याला ‘लिओ’ म्हणून ओळखतात तो एकच सिंह नाही. एकामागून एक अनेक सिंह त्या कड्यात येऊन गेले, आणि बहुतेक वेळा सिंह बदलण्यामागे सिनेमाच्या तंत्रातला एखादा बदल होता.

पहिला होता स्लॅट्स. १९१९ मध्ये डब्लिनच्या प्राणिसंग्रहालयात जन्मलेल्या या सिंहाला व्हॉल्नी फायफर यांनी शिकवले होते. तो काळ मूकपटांचा. स्लॅट्स पडद्यावर डरकाळी फोडत नाही. शांतपणे इकडेतिकडे पाहतो, एवढेच.

ध्वनी आला आणि मुका सिंह चालेनासा झाला. १९२८ च्या ‘व्हाइट शॅडोज इन द साउथ सीज’ या चित्रपटाबरोबर जॅकी नावाच्या दुसऱ्या सिंहाची डरकाळी प्रेक्षकांनी ऐकली. चित्राशी जुळवलेल्या ध्वनिमुद्रणासह आलेला हा एमजीएमचा पहिला चित्रपट. एकदा चित्रित केलेले जॅकीचे दृश्य कृष्णधवल चित्रपटांना १९५६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीन दशके पुरले. ‘द विझार्ड ऑफ ओझ’ची सुरुवात तपकिरी छटेत होते, म्हणून तिथे जॅकीही तपकिरी दिसतो. टेबलाला बांधलेल्या एका सिंहाचे छायाचित्र हल्ली समाजमाध्यमांवर फिरते आणि डरकाळीचे चित्रीकरण असे क्रूरपणे झाले असे सांगितले जाते. त्यात तथ्य नाही. तो फोटो कितीतरी नंतरचा, एका आजारी सिंहाच्या तपासणीचा आहे.

पडद्याबाहेरही या सिंहाला राबवून घेतले गेले. सप्टेंबर १९२७ मध्ये कंपनीने जाहिरातीसाठी एका सिंहाला विमानातून सॅन डिएगोहून न्यूयॉर्कला, वाटेत न थांबता, पाठवण्याचा घाट घातला. लिंडबर्ग या वैमानिकाने अटलांटिक ओलांडून चारच महिने झाले होते आणि विमानाचे वेड सगळ्या अमेरिकेला लागले होते. वैमानिक मार्टिन जेन्सन यांच्या पाठीमागे सिंहाचा पिंजरा बसवला गेला. ॲरिझोनाच्या डोंगरांत विमान कोसळले. जेन्सन मदत शोधत पायी निघाले. सिंह पिंजऱ्यातच राहिला आणि सुटका होईपर्यंत जगला. जाहिरातीला असली बातमी विकत घेऊनही मिळाली नसती.

रंगीत चित्रपटांसाठी वेगळा सिंह लागला. दोनरंगी टेक्निकलर प्रक्रियेच्या काळात टेली आणि कॉफी या सिंहांना घेऊन प्रयोग झाले; तीनरंगी प्रक्रिया रुळली तेव्हा टॅनर आला. ‘टॉम अँड जेरी’च्या जुन्या व्यंगपटांच्या आरंभी गुरगुरतो तो बहुतेक ठिकाणी हाच. त्यामुळे मोठे चित्रपट न पाहिलेल्या पोरांनाही तो ठाऊक असतो.

 

१९५६ च्या सुमारास दाट आयाळीचा जॉर्ज आला, पण दोनेक वर्षांतच मागे पडला. १९५७ पासून दिसू लागलेल्या सिंहाचे नाव खरोखरच लिओ होते. आधीच्यांपेक्षा तो वयाने लहान आणि आयाळीने आखूड, पण सर्वांत जास्त काळ टिकला. १९५९ च्या ‘बेन-हर’मध्ये मात्र तो गप्प आहे. चित्रपट येशूच्या जन्माच्या प्रसंगाने सुरू होतो. त्याआधी डरकाळी नको असे दिग्दर्शक विल्यम वायलर यांना वाटले आणि सिंहाचे स्थिर चित्र वापरले गेले.

साठीच्या दशकात कंपन्यांना सपाट, रेखीव चिन्हांची ओढ लागली. एमजीएमनेही जिवंत सिंह बाजूला ठेवून वर्तुळात बसवलेले त्याचे रेखाचित्र आणले. ‘ग्राँ प्री’ आणि ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ अशा मोजक्याच चित्रपटांना ते लागले आणि लिओ परत आला. ‘२००१’ या दिग्दर्शक कुब्रिकच्या थंड, नेमक्या अंतराळपटाला ते रेखाचित्र शोभते. एरवी त्याची उणीव कोणाला भासली नाही. १९७० मध्ये मेरी टायलर मूर यांच्या दूरचित्रवाणी संस्थेने सिंहाच्या जागी म्याव करणारे मांजराचे पिल्लू बसवले. चिन्ह किती ओळखीचे होते याचा हा पुरावाच.

१९८२ मध्ये आवाज नव्याने घडवला गेला. ध्वनिसंयोजक मार्क मँगिनी यांचे म्हणणे असे की लोकांना हवी असलेली उग्र गर्जना सिंह करतच नाही. म्हणून त्यांनी वाघांचे आवाज वापरले. तेव्हापासून पडद्यावर तोंड सिंहाचे, आवाज बराचसा वाघाचा.

मार्च २०२१ मध्ये आलेल्या नव्या चिन्हात चित्रित सिंहच उरलेला नाही. लिओच्या रूपावर बेतलेला संगणकनिर्मित प्राणी आता डरकाळी फोडतो आणि कड्यावरचे वचन आधी इंग्रजीत उमटून मग लॅटिन होते. वर्षभराने, मार्च २०२२ मध्ये, ॲमेझॉनने साधारण साडेआठ अब्ज डॉलरना एमजीएम विकत घेतली आणि हा सिंहही त्या व्यवहारात गेला.