परवान्याबाहेरची गती

इ. स. १८६२ साली, खंडेराव महाराज गायकवाड यांच्या कारकीर्दीत, डभोईहून मियागामकडे अडीच फूट रुंदीचा जो लोहमार्ग टाकण्यात आला, तो हिंदुस्थानातील पहिला अरुंदमापी लोहमार्ग म्हणून इतिहासात नमूद आहे. परंतु त्या मार्गावरील डबे आरंभी बैल ओढीत असत, हा तपशील त्या अभिमानाच्या गोष्टीत सहसा हळू आवाजात सांगितला जातो. वस्तुतः त्यात लाजण्यासारखे काही नाही. इंजिनाची हौस दरबारास नव्हती असे नाही. पुढच्याच वर्षी नीलसन कंपनीचे इंजिन आणवून ते चालवून पाहण्यातही आले. इंजिन आपल्या कामास समर्थ होते, वाफ पुरेशी होती. असमर्थ ठरले ते रूळ, कारण बैलांच्या चालीच्या हिशोबाने टाकलेले ते हलके लोखंड इंजिनाचा भार सोसण्याजोगे नव्हते. १८७३ साली अधिक वजनदार रूळ टाकून मार्गाची पुनर्रचना झाली, आणि वाफेच्या इंजिनांचा नियमित अंमल सुरू व्हायला १८८० साल उजाडावे लागले.

संगणकाच्या प्रोसेसरवर कारखानदाराने जो वेग छापलेला असतो, त्याहून अधिक वेगाने तो चालवण्याचा, म्हणजे ओव्हरक्लॉकिंगचा, इतिहास वाचीत असता डभोईच्या या रुळांची आठवण मला वारंवार होते. या छंदात नव्याने पडलेला मनुष्य आपले सर्व लक्ष इंजिनावर केंद्रित करतो, आणि त्याची फजिती मात्र बहुतेक वेळा रुळांवर होते.

मुळात छापील वेग ही चीज काय आहे? मदरबोर्डवरील क्वार्ट्झच्या स्फटिकातून ठरावीक गतीचे स्पंदन निघते, त्याची पट किंवा भाग करून प्रोसेसरचा ताल ठरवला जातो, आणि त्या तालाच्या प्रत्येक ठोक्यागणिक प्रोसेसर आपले काम एकेक पाऊल पुढे नेतो. १९८१ साली आयबीएम कंपनीने आपला पहिला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्यातील ८०८८ या प्रोसेसरला ५ मेगाहर्ट्झपर्यंत मुभा होती. पण रंगीत दूरचित्रवाणीच्या संकेतांशी जुळणारा १४.३१८ मेगाहर्ट्झचा स्फटिक हाताशी होता, त्याचा तिसरा हिस्सा घेणे सोयीचे होते, म्हणून त्याला ४.७७ वर चालवण्यात आले. सांगायचे ते इतकेच की, त्या आकड्यामागे प्रोसेसरच्या कुवतीपेक्षा हिशोबाची सोय अधिक होती. तीन वर्षांनी आलेल्या एटी या नमुन्यात ६ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरसाठी १२ मेगाहर्ट्झचा स्फटिक बसवलेला असे, आणि तो झाळून न टाकता खाचेत खोचलेला असल्याकारणाने, चाणाक्ष गिऱ्हाइके तो उपटून त्याजागी १६ किंवा १८ मेगाहर्ट्झचा स्फटिक बसवू लागली. कंपनीस हे रुचले नाही. १९८५च्या अखेरीस तिने बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताच प्रथम चालणाऱ्या कार्यक्रमात, अशी तजवीज केली की, ठरावापेक्षा अधिक वेग आढळताच यंत्राने सुरू होण्यासच नकार द्यावा. आपल्याच मालकाविरुद्ध यंत्राने कारखानदाराचा हुकूम बजावावा, ही रीत तेव्हापासूनची. आणि गंमत अशी की, पुढे लौकरच खुद्द त्याच कंपनीने ८ मेगाहर्ट्झचा एटी विक्रीस काढला.

छापील आकड्याविषयीचा दुसरा भ्रम प्रतवारीतून उत्पन्न होतो. सिलिकॉनच्या एकाच तबकडीतून कापलेले प्रोसेसर तपासले जातात आणि ज्याने जितका वेग सोसला तितक्याची त्याला सनद मिळते, असा सरळ क्रम असता तर प्रश्नच नव्हता. पण उत्पादनाची प्रक्रिया सुधारत गेली की बहुतेक नग वरच्या प्रतीचे निपजू लागतात, आणि बाजारात मागणी मात्र स्वस्ताईची असते, सबब उत्तम नगांवरही खालच्या प्रतीचा शिक्का मारून ते विकावे लागतात. ओव्हरक्लॉकिंगचे सारे अर्थशास्त्र या एका विसंगतीवर उभे आहे.

त्या विसंगतीचा सर्वांत विख्यात फायदा ऑगस्ट १९९८मध्ये इंटेलने आणलेल्या सेलेरॉन ३००ए या प्रोसेसरने करून दिला. त्याचा गुणक साडेचारवर कुलूपबंद होता; ६६ मेगाहर्ट्झच्या बसला, म्हणजे प्रोसेसरला बाकी यंत्राशी जोडणाऱ्या मार्गाच्या वेगाला, साडेचाराने गुणले की ३०० होत. बसचा वेग १०० केला की तेच गुणित ४५० येई, म्हणजे त्या काळच्या सर्वांत वेगवान पेंटियम-२ची बरोबरी, आणि तीही त्याच्या किमतीच्या अल्पशा अंशात! त्याच वर्षी आलेल्या ४४०बीएक्स चिपसेटच्या मदरबोर्डांना १०० मेगाहर्ट्झची बस अधिकृतपणेच मान्य होती, आणि एबिट कंपनीच्या बीएच६सारख्या बोर्डात तर जंपर हलवण्याचेही कष्ट नव्हते. बायोसच्या पडद्यावर आकडा निवडला की कार्यभाग साधे.

आता नवशिक्याचे पाहा. तो स्वभावतः सावध असतो. वडिलांच्या पैशाने आणलेले यंत्र, हमी बुडण्याचे भय, म्हणून एकदम ६६वरून १००वर उडी न घेता तो आधी ७५ची पायरी चढतो, ते निभावले तर ८३ची. व्यवहारात जिला शहाणपण म्हणतात तीच ही रीत. येथे मात्र तिनेच घात होई. हार्ड डिस्कचा नियंत्रक, जाळ्याचे कार्ड इत्यादी मंडळी ज्या पीसीआय मार्गावर बसलेली असत, त्याचा वेग बसच्या वेगाला भागून ठरे आणि तो ३३ मेगाहर्ट्झ असणे अपेक्षित असे. ६६ला दोहोंनी भागले की ३३ येतात. १००ला तिहींनी भागले तरी ३३च येतात. पण ७५ला दोहोंनी भागले तर ३७.५, आणि ८३ला भागले तर ४१.५! प्रोसेसर आपल्या जागी निर्विकार चालत असे, कारण ३७५ मेगाहर्ट्झ त्याला मुळीच जड नव्हते. पण हार्ड डिस्कवर लिहिला जाणारा मजकूर भ्रष्ट होऊ लागे, आणि आठवडाभराने विंडोज उघडेनासे झाले की दोष प्रोसेसरच्या माथी येई. निम्मा धीर करणारा बुडाला आणि पूर्ण धीर करणारा तरला, असा हा विपरीत न्याय होता. त्याचे कारण धैर्यात नसून भागाकारात होते, हे समजण्यास मदरबोर्डाची पुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचावी लागे, आणि पुस्तिका वाचणारा नवशिका विरळाच.

डभोईचे ते रूळ ज्या बडोद्याच्या दरबाराने टाकले, त्या बडोद्यास या विद्येची भूमी म्हणता येणार नाही. परंतु हाताने करून पाहण्याची परंपरा या शहरास जुनी आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० साली त्रिभुवनदास गज्जर यांच्या नेतृत्वाखाली कलाभवन स्थापिले, तेव्हा कारागिरी आणि शास्त्र यांची फारकत होऊ नये, आणि शिक्षण देशभाषेतून मिळावे, हा त्यांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके याच संस्थेत छायाचित्रणादी कला शिकले. १९४९मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा कलाभवन त्याच्या तंत्रविद्याशाखेत विलीन झाले. सुटे भाग आणून स्वतः संगणक जुळवणारा आणि मग त्याच्या वेगाशी झोंबी घेणारा विद्यार्थी मला त्या परंपरेचा दूरचा का होईना वारसदार वाटतो, मग त्याच्या प्राध्यापकांचे मत काहीही असो.

या शहराने त्याच्यापुढे एक जादा अडचण मात्र ठेवली, ती हवामानाची. प्रोसेसरची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. ३००ए ४५०वर स्थिर राहीना म्हणून त्याचे व्होल्टेज २.० वरून २.२ केले, की वेगामुळे दीडपट आणि व्होल्टेजमुळे १.२१ पट अशी मिळून उष्णता जवळजवळ १.८ पट होई. नवशिक्याला ही दुसरी वाढ दिसत नाही. एक दशांश भर घातली एवढेच तो जाणतो. शिवाय पंखा कितीही मोठा लावला तरी हवेवर थंड होणारा प्रोसेसर खोलीतील हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही, आणि वैशाखात दांडिया बाजारातील एखाद्या वाड्याच्या माडीवर ती हवाच ४२ अंशांच्या पुढे गेलेली असते. थंड मुलखात लिहिलेले सल्ले येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. पौषात साधलेला वेग चैत्रात हातचा जाई, आणि नवशिक्याने मध्यंतरी तर काहीच बदललेले नसे. बदललेला असे तो ऋतू, आणि हीटसिंकच्या पात्यांत साचलेला धुरळा.

सर्वांत कठीण परीक्षा यापुढची. पडदा काळाच राहिला तर ते एका अर्थी सुदैव, कारण बायोसमधील निवडी जपणाऱ्या सीएमओएसचा जंपर फिरवून किंवा नाण्याएवढी बॅटरी काढून यंत्र पूर्वपदावर आणता येते. पण यंत्र सुरू होते, गाणे वाजते, खेळ चालतो, आणि तरीही लक्षावधी गणितांत एखादे चुकते, ही अवस्था नवशिक्याला ओळखता येत नाही. ती ओळखण्याचे साधन मिळाले ते अनपेक्षित ठिकाणाहून. १९९६ साली मर्सेन मूळसंख्यांचा शोध घेण्यासाठी प्राइम९५ हा कार्यक्रम लिहिला गेला. त्यात महिनोन्महिने चालणाऱ्या आकडेमोडीत एक चूकही खपण्यासारखी नव्हती, म्हणून यंत्राची कसोटी घेण्याची सोय त्यातच ठेवलेली होती. गणितज्ञांची ही खबरदारी वेगवेड्यांनी उचलली, आणि रात्रभर प्राइम९५ चालवून सकाळी निकाल पाहणे हा दस्तूर पडला. शुद्ध गणिताचा इतका तातडीचा उपयोग क्वचितच झाला असेल.

पुढे कारखानदारांनीच या छंदाला कायद्याच्या चौकटीत आणले. २०१० पासून इंटेलने नावामागे के हे अक्षर लावून गुणकाचे कुलूप उघडे ठेवलेले प्रोसेसर जादा दामाने विकण्यास आरंभ केला, आणि २०१२मध्ये तर ओव्हरक्लॉकिंगपायी प्रोसेसर जळाल्यास एकदा बदलून देण्याची निराळी योजनाही पैसे घेऊन देऊ केली. ती २०२१मध्ये बंद झाली. दरम्यान २००८पासून टर्बो बूस्टच्या रूपाने, उष्णता आणि वीज यांस वाव असेल तितका वेग प्रोसेसर आपणहून वाढवू लागला होता, म्हणजे पूर्वी विद्यार्थी ज्या मोकळ्या जागेत घुसत असे ती आता कारखान्यातच व्यापलेली येते. आजच्या नवशिक्याची तक्रारही त्यामुळे बदलली आहे. तो उत्साहाने व्होल्टेज वाढवतो, गुणक चढवतो, प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचतो आणि स्वसंरक्षणार्थ स्वतःच पाय आखडता घेतो; पडद्यावर आकडा मोठा दिसतो, पण तेच काम आदल्या दिवशीपेक्षा अधिक वेळ घेते, आणि आपण यंत्राचा वेग वाढवला की घटवला याचा उलगडा करण्यासाठी त्याला एक तापमापक आणि एक घड्याळ अशी दोन्ही समोर ठेवून बसावे लागते.