अल-जब्र आणि अभ्यंकर

वाशीम-कारंज्याच्या शाळेतले मूल ‘अल्जिब्रा’ म्हणते तेव्हा नवव्या शतकातल्या अल-ख्वारिज्मीच्या ग्रंथाचेच नाव घेते, हे आपण अभिमानाने सांगतो. पुढे त्या विद्येचे काय झाले, हे क्वचितच विचारतो.

कमानीवरचा पंचकोनी तारा पाहा. फिरवून ५ आणि उलटवून ५, अशा १० हालचालींनी तो पुन्हा जसाच्या तसा बसतो. हा एक सान्त गट. त्यातल्या कोणत्याही दोन उलटण्यांतून दहाही हालचाली निघतात. त्या दोन म्हणजे गटाच्या जनक. नुसत्या फिरवण्यातून मात्र पाचच.

उज्जैनला जन्मलेले श्रीराम अभ्यंकर (१९३०-२०१२) यांनी १९५७ साली एक अटकळ मांडली. एखादी मूळ संख्या जिथे शून्य धरतात, त्या गणितात रेषेवर कुठेही मुळे एकमेकांत न मिसळणारी समीकरणे घ्या. त्या मुळांच्या अदलाबदलीचे गट कोणते? ज्यांच्या जनक हालचाली त्या संख्येइतक्या, किंवा तिच्या घाताइतक्या वेळा केल्यावर मूळपदी येतात, ते सगळे, दुसरे नाहीत. म्हणून २ शून्य असेल तर आपला तारा येतो, ५ शून्य असेल तर नाही. सारा निकाल जनकांवर!

सिद्धता १९९४ साली फ्रान्सच्या रेनो यांनी दिली. अमेरिकेच्या हार्बेटर यांनी ती इतर वक्रांपर्यंत नेली. पुण्यात १९७६ साली भास्कराचार्य प्रतिष्ठान काढणारे अभ्यंकर मात्र अशा गटांची प्रत्यक्ष समीकरणे लिहीत बसले, शाळकरी बीजगणिताचा हट्ट न सोडता.